कानशीने बसवलेला कूलर

"मम्मी, मला गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचाय," असं मुलगी पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी घाबरले नाही, चिडले. वीस वर्षांची घोडी. तिच्या वयाची असताना माझ्या काखेत ती स्वतः होती, आणि हिला बंदुकांचे खेळ खेळायचेत. पैसे तिचेच होते, शिकवण्या घेऊन जमवलेले, त्यामुळे माझ्या बोलण्याला फारसा जोर नव्हता. तरी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापता कापता तोंडाला येईल ते मी बोलून घेतलं. तिने सगळं ऐकलं, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आवाज बारीक करून पुढचं सांगितलं. "तयार नाही घ्यायचा. एकेक पार्ट निवडून आणायचा. आणि जोडणार पप्पा."

तेव्हा मात्र माझ्या हातातली कात्री थांबली. मी आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. त्याने ऐकलं नव्हतं.

लिहिताना मी नवऱ्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर असं म्हटलं असतं तर सासूने कधीच माहेरी पोहोचवलं असतं. तो लूमचा फिटर. भेस्तानला एका खात्यात होता. लूमच्या कारखान्याला आम्ही खातं म्हणतो. खानदेशातून आमच्या लग्नाआधीच सुरतेत आला, आणि बंद पडलेला लूम चालू करणं हेच त्याचं आयुष्य झालं. दीड वर्षापूर्वी त्याचा उजवा हात गिअरमध्ये असताना पलीकडच्या माणसाने बटण दाबलं. त्या माणसाला हा दिसलाच नव्हता. मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. जखम भरली. शेठचा निरोप आला, बसून करण्यासारखं काम आहे, ये म्हणून. हा गेला नाही. नवागामच्या आमच्या दोन खोल्यांत बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायला लागला आणि तो हात टॉवेलखाली ठेवायला लागला. उन्हाळा असो, पाहुणे असोत, टॉवेल मांडीवर आणि हात त्याच्या खाली. जेवायचंही डाव्याने.

मिक्सर लावला की तो दचकायचा. मी चटणी पाट्यावर वाटायला लागले आणि शेजारणीला सांगितलं की पाट्याची चव वेगळी लागते. हे सगळं चालून गेलं असतं. पण एका दुपारी, कुणी काही विचारलेलं नसताना, तो म्हणाला, "मी आते कोनाच कामना नही." रडत नव्हता, चिडलेला नव्हता. आज ऊन फार आहे असं म्हणावं तसं म्हणाला. त्याच संध्याकाळी मी घरमालकाला गच्चीवर माकडं येतात असं खोटं सांगितलं, गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. नवागामात माकडं! पण घरमालकाने मान डोलावली. बहुतेक त्याला समजलं असावं.

तर हा माणूस कॉम्प्युटर जोडणार होता म्हणे.

"दुकानदार फुकट जोडून देतो ना? त्याच्याकडूनच आण," मी मुलीला म्हणाले.

"मग पप्पांनी काय करायचं?"

"काही नाही करायचं. बसलेत तसे बसू देत."

"आयुष्यभर?"

मी पुढची साडी मांडीवर ओढली. खरं उत्तर 'हो' असं होतं. बसलेला माणूस निदान डोळ्यांसमोर असतो. त्याने काही हातात घेतलं, आणि ते जमलं नाही, तर मग काय होईल हे मला विचारही करवत नव्हतं. एका हाताने तो नखाएवढ्या स्क्रूशी झटापट करणार, स्क्रू पडणार, आणि मग तो पुन्हा ते वाक्य म्हणणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशी गत. माझ्यापाठी तो दीड वर्षं लागला होता आणि मला त्याची सवय झाली होती. मुलगी त्या राक्षसाला घरात यायची आणखी एक वाट दाखवत होती.

पण मुलगी माझ्यावर गेलेली नाही. ती रोज संध्याकाळी बापासमोर फतकल मारून बसायची आणि मोबाईलवरचं स्वतःशीच वाचत असल्यासारखं मोठ्याने वाचायची. कोणता प्रोसेसर, त्याला कोणता बोर्ड, त्या बोर्डावर कोणती रॅम. मी आत पोळ्या लाटताना ऐकायची. मला वाटायचं, पार्ट काय, दुकानात मिळतील ते घ्यावेत. तसं नसतं. या प्रोसेसरला तोच बोर्ड लागतो, दुसऱ्यावर बसतच नाही. नवी रॅम जुन्या बोर्डाच्या खाचेत जात नाही, जरासाच फरक असतो पण जात नाही. माणसांत देवक एक निघालं की सोयरीक मोडते, इथे देवक एक नसेल तर मोडते. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मुलगी खूप हसली. तो हसला नाही, पण त्याने मान वर केली.

दोन-तीन संध्याकाळी अशाच गेल्या. मग एकदा ती ग्राफिक्स कार्डावर अडली. तिला आवडलेलं कार्ड मोठं होतं, आणि त्याला किती वीज लागेल, पॉवर सप्लाय पुरेल का, असं ती पुटपुटत होती. भिंतीकडून आवाज आला, "यानावर कितला लोड शे?"

मुलीने मान वर न करता आकडा सांगितला, जणू तो रोजच विचारतो. शहाणी पोर. मी मात्र लाटणं धरून उंबऱ्यात येऊन उभी राहिले.

"मंग मोठाच ल्या," तो म्हणाला. "वढाताण नको."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण आठवतं ते एवढंच की माझी तव्यावरची पोळी करपली. दीड वर्षाने त्याने एखाद्या यंत्राबद्दल विचारलं होतं. आता हे थांबवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी जे झालं त्याने माझी भीती खरीच होती असं मला वाटलं. ते मोठं कार्ड तिने निवडलेल्या कॅबिनेटमध्ये मावतं का, हा प्रश्न होता. ती आकडे वाचत होती. तो म्हणाला, "दख, आठे दखाड," आणि कार्ड अंदाजे केवढं ते फरशीवर तिला दोन खुणांनी दाखवायला लावलं. मग त्याने टॉवेल बाजूला केला, तो हात बाहेर काढला आणि वीत टाकली. अंगठा एका खुणेवर, करंगळी पुढे ताणलेली. वितीला अंगठा आणि करंगळीच लागते. इतक्या महिन्यांत हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्याही नाही.

"एक ईत," तो म्हणाला, "आनि..."

वितीच्या पुढे बोटं मोजतात. एक वीत, तीन बोटं. एक वीत, चार बोटं. आयुष्यभर त्याने तसंच मोजलं होतं. हात फरशीवर तसाच राहिला, आणि त्या हाताला मोजायला काही नव्हतं. मुलगी पटकन म्हणाली, "पप्पा, मी पट्टी आणते ना." ती उठेपर्यंत हात टॉवेलखाली गेला होता. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. ताटावरून उठला तेव्हा माझा हात आपोआप कमरेच्या किल्लीवर गेला.

झोपताना मी मुलीला सांगितलं, पुरे आता. हात जोडते. तिने दिवा घालवला. मला वाटलं ऐकलं हिने. सकाळी उठून पाहते तर बापासमोर मोबाईल धरून बसलेली. म्हणाली, "पप्पा, लहानवालं कार्ड घेते. मावेल ते." आणि त्याने "हां" म्हटलं. दोघं एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला, असा तो संसार चालला होता.

पार्ट घ्यायला मी तिच्याबरोबर गेले. जोडून देतो असं दुकानदार म्हणाला की मी लगेच हो म्हणणार होते, हे मी मनाशी ठरवूनच निघाले. दुकान रिंगरोडकडे एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर. गुजराती माणूस, शांत, कपाळावर टिळा. मुलीने एकेक सांगावं आणि त्याने खोके काढून काउंटरवर ठेवावं. तो प्रत्येक खोक्याशी थांबून आधीच्या खोक्याकडे बघायचा आणि "बराबर" म्हणायचा. प्रोसेसर आणि बोर्ड बराबर. रॅम बराबर. कार्ड, सप्लाय, कॅबिनेट, पडदा बराबर. मग कूलर आला, म्हणजे प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर बसतो तो पंखा, आणि तिथे गाडी अडली. या बोर्डाचा कूलर संपला होता. पुढच्या आठवड्यात येईल. होता तो आधीच्या पिढीच्या बोर्डाचा.

"बेन, आमां आ नइ बेसे," तो मला म्हणाला. कूलरच्या लोखंडी पट्टीवरची स्क्रूची छिद्रं जराशी आत पडतात. म्हणाला, सगळं माझ्याकडे ठेवा, पुढच्या आठवड्यात कूलर आला की मीच जोडून देतो, घरी पोहोचवतो.

देवच बोलला असं मला वाटलं. मी "हो, चालेल," म्हणायला तोंड उघडलं, तोवर मुलीने मोबाईल कानाला लावलेला होता. "पप्पा, असं असं आहे. छिद्रं थोडी आत आहेत. काय करू?" आणि तिने फोन स्पीकरवर टाकला.

खरखर ऐकू आली. मग त्याचा आवाज. खात्यातला आवाज, शंभर लूमच्या खटखटीवरून जाणारा, जो मी विसरले होते. "लोखंडनी पट्टी शे ना? आन. घाशी लिसू."

लूमच्या धंद्यात असंच चालतं. पार्ट दुसऱ्या कंपनीचा आहे म्हणून परत पाठवला, असं कधी होत नाही. कानस घेतात, घासतात, ठोकतात, बसवतात. आमच्याकडे न बसणारा पार्ट नसतोच, न घासलेला असतो. आमच्या घरचा गॅसचा स्टँड, कुकरचं हँडल, दाराची कडी, सगळी त्याच्या कानशीखालून गेलेली. दुकानदार हसला. "आमां घसाय नइ, बेन," म्हणाला. चांगला माणूस होता, त्याने आणखी दोनदा सांगितलं. मीही त्याचंच ऐकणार होते. पण तो आवाज मी दीड वर्षाने ऐकला होता, आणि त्या आवाजाला 'नको' म्हणायला माझी जीभ वळली नाही. "द्या," मी म्हणाले. जे मला नको होतं ते मीच विकत घेतलं. रिक्षात कूलरचं खोकं मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने कॅबिनेट फरशीवर आडवं ठेवलं आणि बोर्ड, प्रोसेसर, रॅम बसवून दिले. तिला कॉलेजला जायचं होतं. "पप्पा, तुम्ही फक्त पट्टी घासून ठेवा. बाकी मी आल्यावर दोघं मिळून करू." ती गेली. तो बराच वेळ बसून राहिला. मी साड्यांचा गठ्ठा सोडला आणि त्याच्याकडे पाठ करून धागे कापायला बसले, कारण समोर बसून बघणं मला झेपणारं नव्हतं.

मागे माळ्यावरची पिशवी ओढल्याचा आवाज आला. मग हत्यारं फरशीवर. मग कानस.

मी वळून पाहिलं. त्याने पट्टी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबली होती आणि डाव्या हाताने कानस चालवत होता. उजवा हात टॉवेलच्या बाहेर, पट्टीचं दुसरं टोक अंगठा आणि करंगळीत धरून. खेकड्यासारखा. त्याच्या हाताबद्दल मी असं लिहिते आहे, पण तो हात जखम बरी झाल्यापासून मी उजेडात नीट पाहिलाच नव्हता. त्याला घाम आला होता. कानस दोनदा निसटली, एकदा पायाला लागली, त्याने शिवी दिली. शिवी ऐकून मला बरं वाटलं. शिवी देणारा माणूस बरा असतो.

थोडं घासायचं, कॅबिनेटवर वाकून पट्टी बोर्डावर धरून बघायची, पुन्हा घासायचं. फिटर असंच करतात. दुपार कलली तेव्हा त्याने हाक मारली, "ओ, आठे ये. दख."

कूलर बसला होता. चारही स्क्रू आपापल्या छिद्रांत सरळ. त्याने तो हलवून दाखवला, हलत नव्हता. "बसना का नही?" तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नावानिशी ओळखत होते, फक्त फार दिवसांत भेटलं नव्हतं. "बसना," मी म्हणाले. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दारातून ऊन आत येत होतं. ते बोर्डावर पडलं आणि मला चमकी दिसली. बारीक, साडीवरच्या जरीच्या भुग्यासारखी. पट्टी तिथेच घासून तिथेच धरून बघितल्यामुळे लोखंडाचा कीस सगळ्या बोर्डभर पडला होता. त्या बारीक बारीक पायांमध्ये, रॅमच्या खाचेत, सगळीकडे. लूमवर कीस पडला तर फुंकर मारतात आणि तेल सोडतात. त्याला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण वीज आणि लोखंड यांची गाठ पडली की काय होतं हे नवागामातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. इथे दर पावसाळ्यात एखादा खांब जळतो.

सांगायचं, तर त्याच्या चेहऱ्यावरचं ते आत्ताच आलेलं निघून जाणार. नाही सांगायचं, तर बटण दाबल्यावर जे व्हायचं ते होणार, आणि ते पुन्हा बटण दाबल्यावरच होणार. दोन्हीकडून माझा जीव टांगणीला लागला. मी काय केलं? मी म्हणाले, "चहा टाकते." आणि आत जाऊन गॅससमोर उभी राहिले. आधण उकळून आटलं तरी मी पत्ती टाकली नव्हती.

मुलगी आली ती चप्पल न काढताच आत धावली. आधी "वाह पप्पा!" झालं. मग ती किंचाळली. "पप्पा, हात नका लावू! लांब व्हा! अहो लोखंड पडलंय सगळं, शॉर्ट होईल, जळून जाईल सगळं!"

मी उंबऱ्यात आले तोवर तो उभा राहिला होता. हात टॉवेलखाली. त्याने मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. टॉवेल दोन्ही बाजूंनी पोटाशी धरला आणि बाहेर गेला. जिन्यावर पावलं ऐकू आली. खाली नाही, वर.

मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते, खात्यातून फोन आला त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी जे झालं ते होऊन गेलेलं होतं. किल्ली माझ्या कमरेला आहे हे मला माहीत होतं, कुलूप मीच लावलेलं होतं, तरी मी साडी सावरत जिना चढताना एकेका देवाला हाका मारत होते. कुलूप तोडता येतं. जिन्याला खिडकी आहे. हे सगळं मला त्या तेवढ्या पायऱ्यांवर सुचलं.

तो वरच्या पायरीवर दाराशी उभा होता. मला पाहून म्हणाला, "किल्ली दे."

"नाही." मी किल्ली मुठीत धरली. "खाली चला. माझ्या गळ्याची शपथ आहे. पोरगी आहे, बोलली, तिला काय कळतं. दुसरा आणू. दहा आणू. खाली चला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी रडत होते आणि नाक पदराला पुसत होते. मग त्याने टॉवेल जरा खाली केला आणि मला दाखवला. टॉवेल लोखंडाच्या किसाने भरलेला होता. घासताना तो मांडीवरच होता ना. त्याने तो झोळीसारखा धरला होता, एक कण पडू नये म्हणून.

"झटकाले उनू," तो म्हणाला. "घरमां झटका तर आखो मशीनवर जाई."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. तो टॉवेल झटकायला आला होता, हे कळलं तेव्हा मी तिथेच पायरीवर बसले.

"तू कुलूप कसाले लायं, माले म्हाईत शे," तो म्हणाला. "पहिला दिनपासून म्हाईत शे. माकडं कोठे शेत आठे?"

"मग बोलला का नाहीत?"

त्याने दाराकडे पाहिलं. "मालेबी बरं वाटे. कुलूप व्हतं ते."

हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला, तो आज लिहितानाही येतो. म्हणजे माझी भीती खोटी नव्हती. मी उगाच घाबरट नव्हते. एवढे दिवस आम्ही दोघं एकाच गोष्टीला भीत होतो, आणि एकमेकांना सांगत नव्हतो. मी कुलूप उघडलं. तो कठड्याशी गेला आणि टॉवेल झटकू लागला, आणि मी मागून त्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवलं. "सोड वं," तो म्हणाला, "लोके दखतीन." मी सोडलं नाही. बघू देत लोक.

खाली मुलगी बोर्डासमोर बसून रडत होती. फुंकर मारायचीही तिला भीती वाटत होती, कीस आणखी आत जाईल म्हणून. बाप तिच्याशेजारी बसला. कुणी कुणाची माफी मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. मी माझ्या कामातली चिकटपट्टी आणली. साडीवरचे कापलेले धागे उचलायला आम्ही बायका ती बोटांना उलटी गुंडाळतो, चिकट बाजू बाहेर. काम झालेल्या साडीवर एक धागा राहिला तरी व्यापारी अख्खा गठ्ठा परत पाठवतो, तेव्हा डोळे तयार झालेले असतात. मुलीने मला आधी नळाला हात लावून यायला सांगितलं, अंगातली वीज जाते म्हणे. मग तिने मोबाईलचा उजेड धरला, त्याने कूलर काढला आणि कॅबिनेट दोन्ही हातांनी तिरपं धरलं. दोन्ही हातांनी. मी बोट टेकवत गेले.

"जराक इकडे," तो म्हणायचा, "तठे एक शे." मी उचलायची. सगळं उचलून झालं असं वाटलं की मुलगी उजेड दुसरीकडून धरायची आणि पुन्हा चमकायचं. माझी पाठ मोडली. शेवटी कुठूनही उजेड पाडला तरी काही चमकेना. मग मुलीने प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावली, तंबाखूला चुना लावावा एवढीशी, आणि कूलर पुन्हा त्यानेच बसवला. कार्ड आणि सप्लाय दोघांनी मिळून लावले, पडद्याची वायर जोडली.

आता बटण राहिलं होतं. मुलगी म्हणाली, "मी दाबू?" मी त्या दोघांना कॅबिनेटपासून हातभर मागे ओढलं आणि डोळे मिटले. तो म्हणाला, "दाब."

पंखे फिरले. तो दचकला, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला ते मला कळलं. धूर आला नाही, वास आला नाही. पण पडदा काळाच. मुलगी म्हणाली, पहिल्यांदा वेळ लागतो, नवी रॅम असते. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. पडदा काळा राहिला. मी हळूच नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, टॉवेल शोधतोय का म्हणून. टॉवेल गच्चीच्या कठड्यावरच राहिला होता. मग पडद्यावर अक्षरं आली, आणि मुलगी ओरडली, पण ती वेगळी ओरड होती.

पेनड्राइव्हवरून काय काय भरून तिने कसलासा खेळ लावला. तो पडद्याकडे बघत नव्हता. कॅबिनेटची बाजू अजून उघडी होती, तो वाकून कूलरचा पंखा बघत होता, कान लावून ऐकत होता, खरखर येते का म्हणून. बराच वेळ तसाच वाकलेला. मग सरळ झाला आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "सकाय खातामां जाई येस."

सकाळी खात्यात जाऊन येतो. दीड वर्षं याच एका वाक्यासाठी मी उपास केले होते, आणि ते ऐकून मी कमरेची किल्ली चाचपली. घरात बसलेल्या माणसाची भीती मला पाठ झाली होती. तिला कुलूप लावता येत होतं. आता तो बसून काम थोडंच करणार, पुन्हा त्या लूममध्ये हात घालणार, उरलेला आणि धड असे दोन्ही, आणि पलीकडे कुणीतरी बटणाशी उभं असणार. तिथे मी कुठे असणार? ही भीती मला अपघाताआधी एक दिवसही वाटली नव्हती. इथून पुढे रोज सकाळी वाटणार होती, हे मला तिथेच कळलं. नका जाऊ, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मुलीने खेळ थांबवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तोही बघत होता.

मी बोटांवरची चिकटपट्टी सोडवली आणि त्याच्याच बोलीत विचारलं, "डबा कितला वाजे लागी?"